हाडात पोचला, तरी फुप्फुसाचाच!

घरात कुणाला फुप्फुसाचा कॅन्सर आहे आणि पाठ रात्री जास्तच ठणकते? नुसत्या बामवर भागवू नका, दोस्तांनो. हा कॅन्सर मणका, बरगड्या, कमरेच्या हाडांत पसरू शकतो. पण पेशी फुप्फुसाच्याच असतात, म्हणून उपचारही त्याच कॅन्सरचे. दुखणं सोसत बसायचं नसतं. कधी रेडिएशनच्या एकाच बैठकीनंतर काही दिवसांत आराम पडतो. मॉर्फिनलाही घाबरू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते औषधच आहे आणि २०१४ मध्ये कायदा बदलून ते मिळणं सोपं केलंय.

पायातली ताकद गेली, लघवी अडली, तर मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. अशा वेळी पिंपळनेरहून लगेच साक्रीमार्गे धुळ्याचं हिरे मेडिकल कॉलेज गाठा. सकाळच्या एसटीची वाट बघू नका.