कुत्र्याचा रिपोर्ट, माणसाचे आकडे

एप्रिलचा शेवटचा शनिवार म्हणजे जागतिक पशुवैद्यक दिन. राहाता तालुक्यात सावळी विहीरला शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालय मंजूर झालेलं आहेच. दुधाच्या या जिल्ह्यात अशा वेळी बोलणं गोठ्याचं होणार, आणि ते रास्तही आहे. पण ओट्यावर बसलेल्या, पंधरवडे उलटले तरी पोट न सावरलेल्या कुत्र्याबद्दलही कुणीतरी बोलायला हवं. त्याच्या मालकाच्या हातात रिपोर्ट असतो, पण त्यातलं काय खरं मानावं हे त्याला कुणी सांगत नाही.

तीन आठवड्यांहून जास्त काळ पातळ शी, अधूनमधून उलटी, खाऊनही वाळत चाललेलं अंग, हे जुनाट दुखणं समजायचं. पहिली तपासणी विष्ठेची. एकदाच नमुना देऊन 'जंत नाहीत' म्हणणं घाईचं ठरतं. जिआर्डियासारखे परजीवी रोज बाहेर पडत नाहीत, म्हणून वेगवेगळ्या तीन दिवसांचे नमुने द्यावेत.

खरा घोटाळा रक्ताच्या रिपोर्टात होतो. तालुक्याच्या गावी कुत्र्याचं रक्त माणसांच्या लॅबमध्ये गेलं, तर आकड्याशेजारी माणसाचीच मर्यादा छापून येऊ शकते. अल्ब्युमिन या प्रथिनाचं उदाहरण घ्या. माणसात ते साधारण ३.५ ते ५, तर कुत्र्यात साधारण २.३ ते ४ असतं. कुत्र्याचं ३.० आलं की रिपोर्टात 'कमी' अशी खूण होते आणि घरात चिंता सुरू होते. वास्तविक हा आकडा निरोगी कुत्र्याचा आहे.

व्हिटॅमिन बी-१२ च्या बाबतीत नेमकं उलट होतं. ३०० पिकोग्रॅम आलं तर माणसाच्या मर्यादेत ते 'नॉर्मल' दिसतं आणि घरचे निश्चिंत होतात. जुनाट जुलाबाच्या कुत्र्यात मात्र ४०० च्या खाली गेलं की अनेक तज्ज्ञ बी-१२ सुरू करतात. बी-१२ शोषलं जातं लहान आतड्याच्या शेवटच्या भागात. तो भाग बिघडला की बी-१२ घटतं, आणि ते घटलेलं असेल तर बाकीची औषधंही पुरेशी लागू पडत नाहीत. म्हणजे चुकीची मर्यादा एका ठिकाणी उगाच घाबरवते आणि दुसऱ्या ठिकाणी खोटा धीर देते. यातलं दुसरं जास्त घातक.

अल्ब्युमिन खरोखरच २ च्या खाली गेलं असेल, तर शेजारचं ग्लोब्युलिन बघा. दोन्ही घटले असतील तर प्रथिनं आतड्यातून गळत असण्याची शंका बळावते. अल्ब्युमिन कमी आणि ग्लोब्युलिन जास्त असेल, तर आपल्याकडे गोचीडतापाचा विचार आधी करावा लागतो. एकटा आकडा फार काही सांगत नाही, दोन आकड्यांची जोडी दिशा दाखवते.

भरपूर खाऊनही हाडं दिसतात, शी ढीगभर आणि तेलकट होते, विशेषतः जर्मन शेफर्डमध्ये, तेव्हा 'टीएलआय' तपासणी हवी. रात्रभर उपाशी ठेवून घेतलेल्या रक्तात ती २.५ च्या खाली आली, तर स्वादुपिंड पाचकरस बनवत नाही हे जवळपास नक्की होतं. ही तपासणी खास कुत्र्यासाठी बनवलेल्या पद्धतीनेच करावी लागते. माणसांची पद्धत इथे चालत नाही. निदान झालं तर जेवणात पाचकरसाची पावडर जन्मभर द्यावी लागते आणि बहुतेक कुत्री त्यावर चांगली जगतात.

आणखी एक हिशेब लक्षात ठेवा. मर्यादा ठरवतानाच निरोगी जनावरांपैकी ९५ टक्के त्यात बसतील अशी ती आखलेली असते. वीस वेगवेगळ्या चाचण्या केल्या, तर ठणठणीत कुत्र्यातही निदान एक आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता साठ टक्क्यांहून अधिक असते. म्हणून एखाददुसऱ्या लाल खुणेवर औषध सुरू करू नये.

सगळ्यात स्वस्त तपासणीची तर पावतीही फाडावी लागत नाही. अल्ब्युमिन धड असेल आणि कुत्रं फार खंगलेलं नसेल, तर डॉक्टरांना विचारून दोन आठवडे त्याने पूर्वी कधी न खाल्लेलं एकच प्रथिन आणि भात द्या. दूध, बिस्किटं, उरलेली भाकरी, सगळं बंद. अशा रुग्णांपैकी निम्म्याच्या आसपास कुत्री नुसत्या आहारबदलाने सुधारतात. यासाठी घरातल्या सगळ्यांची शिस्त लागते, आणि तीच अवघड जाते.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. कुत्र्याच्या रिपोर्टावर कुत्र्याचीच मर्यादा छापली गेली पाहिजे आणि जिल्ह्यात हे सरकारी दवाखान्यांपासून सुरू व्हावं. यासाठी नवी इमारत लागत नाही, यंत्रात योग्य प्राणी निवडला आणि तक्ता बदलला की झालं. सावळी विहीरच्या महाविद्यालयात गाईंच्या बरोबरीने लहान प्राण्यांची प्रयोगशाळाही पहिल्या दिवसापासून हवी. तोवर प्रत्येक मालकाने रिपोर्ट हातात घेताच दोन प्रश्न विचारावेत: ही मर्यादा कुत्र्याची आहे का? आणि या आकड्यामुळे उपचारात नेमकं काय बदलणार आहे?