नाव पार्टवरच द्या

आज कॉन्टॅक्टकडे वळायचं ठरलं होतं, पण एका वाचकाच्या प्रश्नाचा निकाल लावल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. लोड देताना माउसने फेस निवडता येतो, मग आधी सेट आणि सरफेस करून त्यांना नावं देण्याची खटपट कशासाठी? उत्तर अबॅकसच्या रिप्ले फाइलमध्येच, म्हणजे आपल्या कृती स्क्रिप्टच्या रूपात नोंदणाऱ्या फाइलमध्ये आहे. माउसने निवडलेला फेस तिथे मास्क म्हणून, ‘[#20 ]’ अशा सांकेतिक आकड्यात नोंदलेला दिसतो. हा आकडा षोडशमान पद्धतीतला, आणि त्याचा अर्थ एवढाच की यादीतला सहावा फेस. तो फेस कुठे आहे, कशासाठी निवडला, याचा त्यात मागमूस नाही. पार्टला एखादा फिलेट वाढवा आणि तीच स्क्रिप्ट पुन्हा चालवा. सहावा फेस आता भलताच असू शकतो. दाब तिथे जाऊन बसतो आणि सॉल्व्हर चकार शब्द काढत नाही, कारण त्याच्या लेखी मॉडेल पूर्ण आहे.

असेंब्लीत हा धोका गुणाकाराने वाढतो. आठ बोल्टांचा फ्लँज जोड घ्या. प्रत्येक बोल्टला तीन जागा लागतात: डोक्याखालची बैठक, आट्यांचा भाग आणि प्रीटेन्शनसाठी दांड्याचा मधला छेद. हा छेद बोल्टच्या आत असतो, म्हणून पार्टिशन करावं लागतं. शिवाय सरफेसला बाजू असते, तीही सांगावी लागते. असेंब्लीत हे करायचं तर निवडी चोवीस. तेच पार्टवर केलं तर तीन. मग त्या पार्टचे आठ इन्स्टन्स घेतले की ‘बोल्ट-5.बैठक’ अशी नावं आपोआप हाती येतात. इन्स्टन्स डिपेंडंट असतील तर पार्टिशन तसंही पार्टवरच करावं लागतं. मग नावं तिथेच का देऊ नयेत?

यावर कुणी म्हणेल, स्क्रिप्टमध्ये ‘फाइंडअ‍ॅट’ वापरून बिंदूच्या सहनिर्देशकांनी फेस शोधला की काम भागतं. मास्कपेक्षा ते निश्चित बरं, कारण निदान जागा तरी वाचता येते. पण दांड्याचा व्यास बदलला की तो बिंदू हवेत लटकतो. सहनिर्देशक हातानं न लिहिता पार्टच्या मापांवरूनच काढले आणि सापडलेल्या फेसला लगेच नाव दिलं, तर ही पद्धत टिकते. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: काही प्रदेश असेंब्लीतच जन्मतात. आठही बोल्टांच्या डोक्यांचा एकत्र सेट कुठल्याच एका पार्टचा नसतो. तो असेंब्लीतच करावा, मात्र पुन्हा माउस न फिरवता, पार्टवरच्या सेटांची बेरीज करून.

एकाच ब्लॉकवर एकदाच चालवायच्या चाचणीला एवढा खटाटोप नको, हे मान्य. पण ज्या मॉडेलचं माप पुन्हा बदलणार आहे, तिथे नाव नसलेला प्रदेश ठेवूच नये. कॉन्टॅक्ट पुढच्या आठवड्यात. तोवर तुमच्या मॉडेलमधला प्रत्येक सरफेस हायलाइट करून, तो योग्य फेसवर आणि योग्य बाजूला आहे ना, हे तपासून ठेवा.