बंदीच्या दिवसांत खण उघडताना : सेन्सरवाले पंखे कुठे घ्यावेत, कुठे नकोत



१ जून ते ३१ जुलै आपली मासेमारी बंदी. ट्रॉलर आणि पर्सिन बोटी जेटीला लागल्या, जाळी दुरुस्तीला गेली, इंजिनं उघडली. खण धुवायचे, रंगवायचे ते याच दिवसांत. घराची अडलेली कामंही आपण आताच काढतो. यंदा कार्यालयात येणारे बरेच सभासद एकच विचारतात : “मोबाईलवर चालणारे, आपोआप चालू-बंद होणारे एक्झॉस्ट पंखे आलेत. घेतले तर फायदा आहे का?”

उत्तर एका शब्दात नाही. काही ठिकाणी हा पंखा वीज वाचवतो, काही ठिकाणी जीव वाचवतो, आणि एका ठिकाणी तो जीव घेऊही शकतो. म्हणून सगळं एकत्र लिहितो. बोटमालकांनी वाचावं आणि तांडेलांना, खलाशांना वाचून दाखवावं.

स्मार्ट म्हणजे काय?

यात तीन भाग असतात. सेन्सर हवेत काय आहे ते ओळखतो. कंट्रोलर त्यावरून ठरवतो. पंखा ते काम करतो. सेन्सर कशाचा आहे ते आधी विचारा. ओलाव्याचा सेन्सर गॅस ओळखत नाही, आणि कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर धूर ओळखत नाही. डब्यावर नुसतं “स्मार्ट” लिहिलंय म्हणून पैसे देऊ नका.

पहिली जागा : बोटीचा खण

इथे जिवाचा प्रश्न आहे, म्हणून आधी हेच. खणाच्या तळाशी मासळीचं रक्त, खवले आणि पाणी राहतं. झाकण बंद राहिलं की ते कुजतं. कुजताना हवेतला ऑक्सिजन संपतो आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, तोच कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू. तो हवेपेक्षा किंचित जड, त्यामुळे तळाशी बसतो. लोखंडी बोटीच्या बंद टाकीत तर नुसत्या गंजामुळेही ऑक्सिजन कमी होतो.

आपल्या लोकांचा समज असा, की वास येत नाही म्हणजे हवा चांगली. हा समज घातक आहे. हायड्रोजन सल्फाइड १०० पीपीएमच्या आसपास गेला की नाक बधिर होतं आणि वास येणंच बंद होतं. ५०० पीपीएमच्या वर माणूस थोड्याच वेळात कोसळतो. ऑक्सिजन कमी असेल तर कसलाच वास नसतो. साध्या हवेत ऑक्सिजन सुमारे २०.९ टक्के असतो, आणि १९.५ टक्क्यांच्या खाली गेला तर तिथे उतरायचं नाही.

एप्रिल २०२२ मध्ये मंगळूरजवळच्या एका मासळी प्रक्रिया कारखान्यात टाकीत उतरलेला कामगार बेशुद्ध पडला. त्याला काढायला बाकीचे उतरले. पाच जण गेले. अशा अपघातात बहुतेक वेळा असंच होतं. पहिल्याला वाचवायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो.

म्हणून बोटीवर भिंतीतल्या स्मार्ट पंख्यापेक्षा दोन गोष्टी जास्त कामाच्या. एक, हातात धरायचं चार वायूंचं मीटर. ते ऑक्सिजन, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड आणि पेट घेणारा वायू मोजतं. दुसरी, लांब पाइपचा ब्लोअर. पद्धत अशी :

– झाकण उघडा, ब्लोअरचा पाइप थेट तळापर्यंत सोडा. वरच्या वर हवा मारून तळातला वायू हलत नाही.
– ब्लोअर हवा कुठून ओढतो ते बघा. जनरेटरच्या धुराजवळ ठेवला तर तोच धूर खणात जाईल.
– मीटर दोरीला बांधून वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी मोजा. प्रत्येक ठिकाणी आकडा स्थिर होईपर्यंत थांबा.
– माणूस आत असेपर्यंत ब्लोअर चालू आणि मीटर त्याच्या अंगावर.
– कमरेला पट्टा आणि दोरी, वर एक माणूस कायम. आतला पडला तर वरच्याने दोरीने ओढायचं, स्वतः उतरायचं नाही.
– तोंडाला रुमाल किंवा कापडी मास्क बांधून वायू अडत नाही. हवा सुधारायला ऑक्सिजनचा सिलिंडर आत सोडू नका, आगीचा धोका वाढतो.

एक मीटर चार-पाच बोटींत वाटून घेता येतं. खलाशी बरेचसे झारखंड, ओडिशा, कर्नाटकातले असतात. मराठी पाटी त्यांना वाचता येईलच असं नाही. त्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगणं हे मालकाचं काम.

दुसरी जागा : बर्फाचा कारखाना

मोठ्या बर्फ कारखान्यांत थंडाव्यासाठी बहुधा अमोनिया वापरतात. इथे सेन्सरवर चालणारा पंखा हवाच. अमोनिया हवेपेक्षा हलका, म्हणून सेन्सर आणि एक्झॉस्ट दोन्ही वरच्या बाजूला. पण द्रवरूप अमोनिया फुटून बाहेर आला तर त्याचं थंड धुकं खालीही पसरतं, हे लक्षात ठेवा. साधारणपणे २५ पीपीएमला भोंगा वाजावा असं लावतात. ३०० पीपीएम म्हणजे तिथे क्षणभरही थांबायचं नाही.

पंख्याचं हाताने चालवायचं बटण मशीन खोलीच्या दाराबाहेर पाहिजे. गळती आत आणि बटणही आत, तर ते बटण कोण दाबणार? शिवाय हवेत १५ टक्क्यांच्या पुढे अमोनिया साठला तर तो पेटही घेतो. म्हणून तिथली मोटर आणि वायरिंग ठिणगी बाहेर न येणाऱ्या प्रकारची घ्यावी.

बोटीच्या इंजिन खोलीत एक गोष्ट उलटी आहे. तिथे आग लागली तर पंखा चालू नको, बंद हवा, नाही तर तोच आगीला वारा घालतो. त्याचं बंद करायचं बटणही बाहेरच ठेवा.

तिसरी जागा : स्वयंपाकघर

बांगडे तळताना होणारा धूर घरच्या बायकांच्या छातीत जातो. त्यासाठी शेगडीच्या वर एक्झॉस्ट किंवा चिमणी चांगलीच, आणि धूर किंवा उष्णता ओळखून वेग वाढवणारी असेल तर आणखी सोय. पण खिडकी थोडी उघडी ठेवा. बाहेरून हवा आत आली नाही तर पंखा नुसता फिरतो, धूर जात नाही. ज्यांचं छोटं हॉटेल किंवा खानावळ आहे त्यांनाही हेच लागू.

आता वर म्हटलेली घातक गोष्ट. काही जण गॅस सेन्सर आणून वायरमनकडून तो साध्या एक्झॉस्ट पंख्याला जोडून घेतात, म्हणजे सिलिंडर गळला की पंखा आपोआप सुरू होईल. असं करू नका! पंखा सुरू होताना बटणात, रिलेत किंवा मोटरमध्ये ठिणगी पडते, आणि गळलेल्या गॅसला तेवढी पुरते. गॅस सेन्सरने फक्त भोंगा वाजवावा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने हा सेन्सर जमिनीजवळ लावायचा, वर पंख्यापाशी नाही. भोंगा वाजला की रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, कुठल्याही बटणाला हात नाही, आणि सगळे बाहेर.

चौथी जागा : बाथरूम आणि खोल्या

ओलावा ओळखणारा पंखा दुकानदार कौतुकाने दाखवतात. आंघोळ झाली, ओलावा वाढला, पंखा चालू. ओलावा उतरला, पंखा बंद. थंड कोरड्या देशात हे छान चालतं. आपल्याकडे जुलैत बाहेरच्याच हवेत ८५-९० टक्के ओलावा. पंखा ६० टक्क्यांवर लावला तर तो बंद व्हायचंच नाव घेणार नाही, आणि बाहेरची ओली हवा घरात ओढत राहील. त्यापेक्षा वीस मिनिटांनी बंद होणारा साधा टायमर स्वस्त आणि बरा. घ्यायचाच तर ओलावा अचानक वाढल्यावर चालू होणारा घ्या, ठरावीक आकड्यावर चालणारा नको.

एसी लावून दारं-खिडक्या बंद करून झोपणाऱ्यांसाठी कार्बन डायऑक्साइडचं मीटर उपयोगी आहे. बाहेरच्या हवेत तो ४२० पीपीएमच्या आसपास असतो. खोलीत १००० च्या वर गेला तर समजायचं, बाहेरची हवा कमी पडते. डोकं जड होण्याचं एक कारण तेही असतं. मात्र जनरेटर किंवा कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीच नको, पंखा कितीही हुशार असला तरी. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

विजेचा हिशेब

खरी बचत वेग कमी करण्यात आहे. पंख्याचा वेग अर्धा केला तर वीज अर्धी नाही, साधारण आठव्या हिश्शावर येते. मासळी शेडमधली ७५० वॅटची मोटर चोवीस तास पूर्ण वेगाने चालली तर १८ युनिट. तीच गर्दीच्या सहा तासांत पूर्ण आणि बाकी अठरा तास ६० टक्के वेगाने चालवली तर साडेसात युनिटच्या आसपास. कंट्रोलर थोडी वीज स्वतः खातो, तरी फरक मोठा राहतो. जिथे पंखा दिवसातून अर्धा तासच चालतो, तिथे महागडा कंट्रोलर घेऊन पैसे वसूल होणार नाहीत.

घेताना एवढं विचारा

१. वीज जाऊन आल्यावर पंखा आपोआप पूर्ववत होतो का? काही वायफाय बटणं वीज आली तरी बंदच राहतात.
२. इंटरनेट नसताना चालतो का? जिवाच्या कामाचा पंखा नेटवर्कवर सोडू नका.
३. खाऱ्या हवेत टिकेल का? पाणी आणि धूळ न शिरणारी पेटी, न गंजणारे स्क्रू पाहिजेत.
४. सेन्सरचं आयुष्य किती? वायूचे सेन्सर काही वर्षांत संपतात. दिवा हिरवा दिसला म्हणजे सेन्सर जिवंत आहे असं नाही.
५. चाचणीच्या वायूने तपासणी कोण करून देणार, कितीला?

शेवटी

सगळं एकाच बंदीत होणार नाही, हे आम्हालाही कळतं. डिझेलचे आणि बर्फाचे पैसे भागवताना दम निघतो. म्हणून क्रम सांगतो : आधी खणासाठी मीटर, ब्लोअर आणि दोरी, मग बर्फ कारखान्याचा अमोनिया सेन्सर, मग स्वयंपाकघर, बाकीचं सवडीने. ज्या बोटमालकांना भागीदारीत मीटर घ्यायचं आहे त्यांनी कार्यालयात नावं द्यावीत. पाच-सहा जण झाले की एकत्र दर मागवू. १ ऑगस्टला बोटी निघायच्या आधी प्रत्येक खणाच्या झाकणावर एक ओळ रंगवून घ्या, मराठीत आणि हिंदीत : “मोजल्याशिवाय उतरू नये.”

कुणी खणात पडलाच तर १०८ आणि ११२ ला फोन करा, ब्लोअर चालू ठेवा, दोरीने ओढा. आत उडी मारू नका.

आपल्या तांडेलांना आणि वायरमनला ही पोस्ट पाठवा.