चाकांवरचे घर आणि समुद्राची वाट

मंडळी, वडनेर भोलजीला उभे राहून समुद्र दिसत नाही, हे खरे. पण गावावरून जाणारा मोठा रस्ता, पूर्वीचा 6 क्रमांकाचा आणि आताचा 53 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, समुद्रालाच जाऊन मिळतो. पश्चिमेला गुजरातेत हजिऱ्याला आणि पूर्वेला ओडिशात पारादीप बंदराला. तरी जन्मभर याच रस्त्याच्या कडेला राहून समुद्र न पाहिलेली माणसे आपल्यांत पुष्कळ. नोकरी झाली, पोरींची लग्ने झाली, गुरुजी पेन्शनीत निघाले, मग घरातून विचारणा होते, "आता तरी जायचं का?"

अशा दोघांनी मोटारीमागे राहते घर जोडून कोकणचा किनारा पाहायचा ठरवला, तर काय समजून घ्यावे, ते आज पाहू.

हे घर म्हणजे मोटारीने ओढायची बंदिस्त गाडी. आत निजायची जागा, लहानशी चूल, पाण्याची टाकी, मोरी. वयस्कर माणसाला आपले अंथरूण, आपले पथ्याचे जेवण आणि रात्री उठायची सोय जवळ असली की निम्मी काळजी मिटते. कल्पनाही नवी नाही. आपले लोक बैलगाडीत शिधा घालून यात्रेला जात, ते याच चालीचे. विलायतेत 1885 साली गॉर्डन स्टेबल्स या आरमारातून निवृत्त झालेल्या डॉक्टरांनी निव्वळ हौसेच्या प्रवासासाठी असे घर बांधवून घेतले. ते दोन घोडे ओढत.

आता मुख्य गोष्ट ओझ्याची. गाडी भरताना मागे जास्त माल पडला तर ती उलाळ होते, जू वर उचलते. पुढे जास्त पडला तर बैलांच्या माना दबतात. हे तुम्हांला मी काय सांगावे! इथेही तोच न्याय आहे. मागचा भाग जड झाला की वेगात घर शेपटासारखे डोलू लागते आणि मोटारीलाही फरफटवते. म्हणून जड सामान खाली, चाकांच्या आसाजवळ ठेवावे, आणि घराच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा पुढच्या जोडावर येईल असे पाहावे. मात्र तो भार मोटारीला सोसेल इतकाच हवा. घर डोलायला लागलेच, तर घाबरून ब्रेक दाबू नये, चाकही फिरवू नये. पाय उचलून वेग आपोआप कमी होऊ द्यावा.

कसाऱ्याचा घाट उतरताना मागचे ओझे मोटारीला पुढे ढकलते. सारखा ब्रेक दाबला तर तो तापतो आणि ऐन वेळी लागत नाही. म्हणून खालच्या गिअरमध्येच उतरावे. आणखी एक. बाईंचे गुडघे दुखतात म्हणून त्यांना मागच्या घरात निजवून नेऊ नका. चालत्या घरात कुणीही बसायचे नाही. निघण्यापूर्वी गॅसची टाकी बंद. मुक्कामी चूल पेटली की खिडकी उघडी.

महाराष्ट्राचा किनारा पूर्वीच्या मोजणीप्रमाणे सुमारे 720 किलोमीटर. रेवसपासून रेडीपर्यंत सागरी मार्ग आहे, पण वाटेत खाड्या आडव्या येतात. आगरदांडा ते दिघी, वेशवी ते बागमांडला, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड अशा ठिकाणी मोटारी फेरीबोटीतून पलीकडे नेतात. आपल्या गाडीची लांबी आधी सांगून विचारावे. ओहोटीला उताराची चढण जास्त होते आणि घराचा मागचा भाग घासू शकतो.

मग भरती कधी, हे कसे कळणार? कोकणातला जुना हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती पूर्ण, आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. हा अंदाज झाला. नक्की वेळ धक्क्यावर विचारावी. पण एवढे ध्यानात ठेवा, ओली वाळू कितीही घट्ट दिसली तरी गाडी तिच्यावर घालू नये. चाक रुतले आणि पाणी चढू लागले, तर आयुष्याची पुंजी डोळ्यांदेखत जाते.

घर विकतच घ्यावे असेही नाही. राज्य शासनाने 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे. भाड्याने मिळते का, याची चौकशी आधी करावी. स्वतःचे घेतले तर नोंदणीचे आणि विम्याचे कागद परिवहन कार्यालयात समजून घ्यावेत.

गुरुजींनी भरतीचा हिशेब वर्गात फळ्यावर जरूर मांडावा. घरी मात्र पंचांग उघडून तिथी दोघांनी मिळून पाहावी. विचारणा त्यांनी केली होती. निघायचा दिवसही त्यांनाच ठरवू द्या.