वेबसाइटची कमाई आणि लिंकची अमानत

मेंदीची डिझाइन्स, घरगुती पाककृती, उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी नोट्स, हज-उमराहची माहिती... अशा विषयांवर स्वतःची वेबसाइट चालवणाऱ्या मुली, गृहिणी आणि शिक्षक आता लहान गावांतही भेटतात. ‘घरबसल्या जाहिरातींचे पैसे मिळतात म्हणे, खरं का सर?’ हा प्रश्न पालकसभेतही कानावर येतो. मिळतात, हे खरे आहे. पण किती, कसे आणि कोणत्या जबाबदारीने, हे समजून घेतल्यावरच त्यात उतरावे.

पैसा येतो कसा?

गूगलची ‘ॲडसेन्स’ योजना २००३ साली सुरू झाली. आपण साइटवर जागा द्यायची, जाहिराती गूगल लावते. जाहिरातदाराने मोजलेल्या रकमेतून साधारण ६८ टक्के वाटा साइटच्या मालकाला मिळतो. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांतल्या साइट्सना ही सोय आहे. अर्जदाराचे वय १८ पूर्ण हवे. मुलगा-मुलगी लहान असेल तर खाते पालकांच्या नावाने उघडावे लागते. खात्यात १० डॉलर जमले की पत्त्याच्या खात्रीसाठी टपालाने पिन येतो. १०० डॉलर जमल्याशिवाय मात्र पैसे बँकेत येत नाहीत. नव्या मराठी साइटला तेवढे जमायला कित्येक महिने लागू शकतात. म्हणून याकडे जोडधंदा म्हणून बघावे, नोकरी सोडू नये. आणखी दोन गोष्टी: स्वतःच्या साइटवरील जाहिरातींवर स्वतः किंवा नातेवाइकांकरवी क्लिक करू नये, त्याने खाते बंद होते; आणि हे उत्पन्न आयकर विवरणपत्रात दाखवावे.

रोजी हलाल हवी तर जाहिरातही बघायला हवी. पाककृतीच्या पानावर ज्योतिषाची, झटपट श्रीमंतीची किंवा व्याजी कर्जाची जाहिरात झळकली तर वाचणाऱ्याला ती आपणच दिल्यासारखी वाटते. ॲडसेन्सच्या सेटिंग्जमध्ये असे प्रकार बंद करता येतात, एखादा नेमका जाहिरातदारही अडवता येतो. ही चाळणी शंभर टक्के पक्की नसते, म्हणून अधूनमधून आपले पान दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून बघावे.

बाहेर नेणारा दरवाजा

जाहिरातीचा विचार बरेच जण करतात. आपल्या पानावरून दुसऱ्या साइटवर नेणाऱ्या लिंककडे मात्र कोणी बघत नाही. एकदा टाकली की विसरले!

वेबवरची पाने कायम राहत नाहीत. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार २०१३ साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उघडत नव्हती. एके काळी लाखो लोकांची घरगुती पाने सांभाळणारी ‘जिओसिटीज’ ही सेवा २००९ मध्ये बंद झाली आणि तिच्याकडे नेणाऱ्या लिंका एका फटक्यात निकामी झाल्या.

लिंक उघडत नाही, एवढ्याने फार बिघडत नाही. वाचक चरफडतो आणि निघून जातो. खरे नुकसान दोन प्रकारांत होते.

पहिला प्रकार शिळ्या माहितीचा. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची केंद्राची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती पूर्वी पहिलीपासून मिळत असे. २०२२-२३ पासून ती फक्त नववी-दहावीला उरली. मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिपही त्याच वर्षापासून बंद झाली. जुन्या पानावर ‘येथे अर्ज करा’ तसेच राहिले, तर चौथीतल्या मुलाची अम्मी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रोजंदारी बुडवून तहसीलला खेपा घालते. त्या पानावर जाहिरात असेल, तर तिच्या त्या फेरफटक्यातून आपल्याला पैसेही मिळालेले असतात. ही कमाई कशी म्हणायची?

दुसरा प्रकार अधिक घातक. एखाद्या संस्थेने साइटचे नाव, म्हणजे डोमेन, मुदतीत नूतनीकरण केले नाही तर ते कोणीही विकत घेऊ शकतो. सट्टा आणि अश्लील मजकूरवाले अशी जुनी, विश्वासाची नावे शोधतच असतात. मग मुलांच्या गोष्टींसाठी आपण दिलेली लिंक एक दिवस जुगाराच्या साइटवर उघडते. आपल्या पानावर एक अक्षरही बदललेले नसते.

काय करावे?

दर तीन महिन्यांनी लिंका तपासाव्यात. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमचा ‘लिंक चेकर’ मोफत आहे, तो तुटलेल्या लिंका दाखवतो. पण विकले गेलेले डोमेन त्याला चालू साइटच वाटते. त्यामुळे महत्त्वाच्या लिंका हाताने उघडून डोळ्यांनीच बघाव्यात.

शिष्यवृत्ती, हज, प्रवेश, आरोग्य यांसाठी शक्यतो सरकारी किंवा मूळ संस्थेच्याच साइटची लिंक द्यावी. शेजारी ‘अमुक महिन्यात तपासले’ असे लिहावे. योजना बंद झाली असेल तर पान गुपचूप काढून टाकू नये, वरच ‘ही योजना बंद आहे’ असे ठळक लिहावे. लोक जुनी लिंक व्हॉट्सॲपवर फिरवतच असतात, त्यांनाही खरे कळते.

मूळ पान नाहीसे झाले असेल तर इंटरनेट आर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’वर त्याची जुनी प्रत सापडू शकते. चांगले पान दिसताच तिथे जतन करून ठेवण्याचीही सोय आहे.

साइट थोडी नावारूपाला आली की ‘आमची एक लिंक टाका, पैसे देतो’ असे मेल येऊ लागतात. त्यांत सट्टेवाले पुष्कळ असतात. पैसे घेऊन दिलेली लिंक तशी खूण न करता ठेवणे गूगलच्या नियमात बसत नाही, शोधात साइट मागे पडते. स्वीकारायचेच असेल तर काम चांगले हवे आणि ‘जाहिरात’ असे स्पष्ट लिहिलेले हवे.

दुकानदाराला कोणी पत्ता विचारला तर तो बोट दाखवून म्हणतो, ‘त्या गल्लीने जा.’ विचारणारा त्याच्या भरवशावर चालू लागतो. लिंक म्हणजे तेच बोट. गल्ली बंद झाली की नाही, तिथे आता काय उभे आहे, हे मधूनमधून बघून येणे हाही त्या कमाईतला आपल्या वाट्याचा कष्ट आहे.