कूलर बिघडला? आधी शॉकचं बघा

मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे पारा ४५च्या आसपास गेला की कूलर दुरुस्त करणाऱ्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. बहुतेकांची तक्रार एकच, 'हवा थंड येत नाही.' पण घरात कुणी 'कूलरला हात लागला की मुंग्या येतात' असं म्हणालं, तर बाकी सगळं बाजूला ठेवून प्लग काढा. विदर्भात उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावतात, त्यांत लहान मुलंही असतात.

पाण्यात बुडालेल्या पंपाची वायर जुनी होऊन तडकते किंवा पंपात पाणी शिरतं, आणि करंट टाकीच्या पत्र्यात उतरतो. अर्थिंग नीट असेल तर तो जमिनीत जातो. दोन पिनांच्या प्लगला मात्र ती वाटच नसते. 'एमसीबी आहे ना' हा दिलासा फसवा आहे. एमसीबी पडतो तो शॉर्टसर्किटला किंवा जादा लोडला. जीव घेणारा करंट त्याच्या मानाने फारच थोडा असतो. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवी. ती बसवली तरी टाकीत पाणी भरताना प्लग काढायचाच.

पंखा नुसता गुणगुणतो, फिरत नाही? प्लग काढून पातं हाताने फिरवून बघा. सहज फिरलं तर बहुधा कंडेन्सर गेलेला असतो, अडकलं तर बुश किंवा बेअरिंग. कंडेन्सर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा घालायला सांगा.

पंखा जोरात आणि हवा गरम, असं असेल तर कूलरच्या बाजूंच्या गवताच्या ताट्या बघा. पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात तर त्या हमखास खराब होतात. क्षारांनी वरच्या पन्हळीची भोकं बुजतात आणि ताटीवर वरपासून खालपर्यंत एक कोरडा पट्टा दिसू लागतो. हवा तिथूनच वाट काढते, आणि बाहेर असते तशीच गरम आत येते. भोकं तारेने मोकळी करा. गवत पांढरं, कडक झालं असेल तर ताटी बदला.

खिडकी-दार थोडं उघडं आहे ना, हेही बघा. आतली दमट हवा बाहेर गेली नाही तर चांगला कूलरही खोली चिकट करतो. बाहेर ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असताना चांगली भिजलेली ताटी हवा २६-२७ अंशांपर्यंत खाली आणते. पाऊस सुरू झाल्यावर मात्र हवेतच ओल असते, पाणी उडत नाही. तेव्हा मेकॅनिकला बोलावू नका. पंप बंद करून नुसता पंखा चालवा.