हलकी गोळी, जड सावज

विंडहुकला नोकरीनिमित्त राहणाऱ्या माझ्या भाच्याचा फोन आला. "मामा, इथल्या एका शेतमालकानं शिकारीला बोलावलंय. ओरिक्स, मांसासाठी. त्याच्याकडे तीन रायफली आहेत. कुठली घेऊ?" मी आयुष्यात जनावर मारलेलं नाही. तरुणपणी काही वर्षं रेंजवर कागदाला भोकं पाडली आणि जिम कॉर्बेटची पारायणं केली, एवढीच माझी पात्रता. पण प्रश्न डोक्यात रुतून बसला आणि पुढचे दोन महिने मी काडतुसांच्या तक्त्यांत काढले.

आपल्याकडे १९७२च्या कायद्यानं शिकार संपली. नामिबियात १९७५च्या वटहुकमानं उलट वाट धरली: खासगी जमिनीवरच्या काही वन्य प्राण्यांवर जमीनमालकाला हक्क दिला. त्यामुळे तिथं ओरिक्स, कुडू, स्प्रिंगबॉक ही शेताची मिळकत असते. या कुरंगवर्गीय सावजांना शिकारी 'प्लेन्स गेम' म्हणतात. हत्ती, रानम्हैस, सिंह त्यात येत नाहीत. पण हा शब्द फसवा आहे. स्प्रिंगबॉक आपल्या काळविटाएवढा, पस्तीस-चाळीस किलोचा. कुडूचा नर नीलगाईच्या नराइतका भरतो आणि ईलंडचा नर थेट गव्याच्या पंक्तीला बसतो. एकाच नावाखाली चाळीस किलो आणि आठशे किलो. ओरिक्स साधारण दोनशे किलोंचा, मानेला आणि खांद्याला जाड कातडीचा.

शेतमालकाच्या तीन रायफली म्हणजे १९५५चं .२४३ विंचेस्टर, १९०६चं .३०-०६ आणि ७ × ५७ माउझर. हे तिसरं काडतूस गेल्याच्या मागच्या शतकातलं. १८९३ साली स्पेनच्या सैन्यानं ते स्वीकारलं आणि बोअर युद्धात इंग्रजांनी त्याचा प्रसाद खाल्ला. भाचा अंगानं किरकोळ, धक्क्याला बिचकणारा. त्याचा डोळा .२४३वर होता.

ते आधी कायद्यानंच बाद केलं. नामिबियाचा नियम नळीच्या तोंडाशी मोजलेल्या ऊर्जेवर बेतलेला आहे: स्प्रिंगबॉकसाठी किमान १३५० ज्यूल, ओरिक्स, कुडू, ईलंडसाठी २७००, हत्ती, गेंडा आणि रानम्हशीसाठी ५४००. .२४३ची नेहमीची १०० ग्रेनची गोळी (साडेपंधरा ग्रेन म्हणजे जवळजवळ एक ग्रॅम) सेकंदाला ९०० मीटरनं सुटते. हिशेब केला तर उत्तर येतं २६२५ ज्यूलच्या आसपास. पंचाहत्तर ज्यूलसाठी नापास! ७ × ५७ची १४० ग्रेनची गोळी ८१० मीटरनं सुटूनही २९८०च्या घरात जाते.

मग सरळ .३०-०६ का नको? इथं धक्क्याचा हिशेब येतो. तिन्ही रायफली ३.६ किलोच्या धरून मी ढोबळ आकडे काढले: .२४३ खांद्याला ११ ज्यूल देते, ७ × ५७ सोळा, आणि १८० ग्रेनची गोळी घातलेली .३०-०६ सव्वीस. रेंजवर मी एक गोष्ट शिकलो. धक्का दुखतो म्हणून नेम चुकत नाही. धक्का येणार या भीतीनं, घोडा दाबण्याच्या क्षणी डोळा मिटतो आणि खांदा पुढे जातो, म्हणून चुकतो. कागदावर ती चूक दोन वर्तुळं बाहेर दिसते. ओरिक्सच्या बाबतीत गोळी फुफ्फुसाऐवजी पोटात जाते, आणि ते जनावर जखम घेऊन काटेरी झुडपांत दिवसभर चालत राहतं.

या टप्प्यावर भाच्यानं मला बेलचं उदाहरण ऐकवलं. हलक्या काडतुसाची बाजू घेणारा प्रत्येक जण ते ऐकवतो. वॉल्टर बेल हा स्कॉटिश माणूस युगांडाच्या करामोजात पायी हिंडला आणि हजारावर हत्ती मारले, त्यातले बहुतेक याच ७ × ५७नं. इंग्रज त्याला .२७५ रिग्बी म्हणत. कॉर्बेटनं १९२६ साली रुद्रप्रयागचा बिबळ्या मारला तो .२७५ रिग्बीनंच. (कॉर्बेटही पुढे आफ्रिकेतच गेला, १९५५ साली केनियात न्येरीला वारला.)

पण बेलचा दाखला लोक उलटा वाचतात. त्याच्या गोळ्या घन, पूर्ण धातूच्या कवचाच्या, १७३ ग्रेनच्या, लांबट होत्या. गोळीच्या वजनाला व्यासाच्या वर्गानं भागलं की घुसण्याच्या क्षमतेचा एक आकडा मिळतो. ७ मिलिमीटरच्या १७५ ग्रेन गोळीचा तो.३१० येतो, आणि हत्तींसाठी नावाजलेल्या .३७५च्या ३०० ग्रेन गोळीचा .३०५. गोणपाटात दाभण शिरावं तशी ती शिरते. बेलनं हत्तीची कवटी करवतीनं कापून मेंदूची जागा पाहिली होती. त्याला खोल, सरळ भोक हवं होतं, बस्स. ओरिक्सच्या फुफ्फुसाला ते भोक पुरत नाही. तीच घन गोळी तिथं सुईसारखी आरपार जाईल आणि जनावर पळत सुटेल. तिथं गोळी उमलायला हवी, आणि उमलूनही फुटायला नको.

माझ्या मते बोअरवरच्या वादात निम्म्या लोकांचं लक्षच चुकीच्या जागी असतं. १९४६ साली कॅनडात जॉन नॉस्लर या अमेरिकी शिकाऱ्याच्या वेगवान गोळ्या चिखलानं माखलेल्या मूसच्या खांद्यावरच फुटल्या, आत गेल्याच नाहीत. त्यानं गोळीच्या मधोमध धातूचा पडदा ठेवला: पुढचं शिसं उमलतं, मागचं शाबूत राहून आत जातं. पार्टिशन नावाची ही गोळी १९४८पासून विकली जाते. साध्या नरम टोकाच्या गोळीला जवळच्या अंतरावर वेग हाच शत्रू असतो. झुडपातून साठ मीटरवर उभ्या सावजाला फार जलद गोळी लागली तर ती हाडावर चुरा होते. ७ × ५७चा मध्यम वेग, ज्याला तक्ते पाहणारे हसतात, तिथं उपयोगी पडतो. त्याची किंमत लांब पल्ल्यावर मोजावी लागते: दोनशे मीटरला नेम बसवला की तीनशेला गोळी वीतभर खाली येते. मी भाच्याला दीडशेच्या पुढे मारायचंच नाही असं बजावलं.

आणखी एक. हरणाच्या चित्रांवरून खांद्यामागे नेम धरायची सवय आफ्रिकेत दगा देते. या कुरंगांचं हृदय पुढे आणि खाली, पुढच्या पायांच्या मध्ये असतं. आडवा उभा असेल तर पुढच्या पायाच्या रेषेत वर यायचं आणि छातीच्या खालच्या एक तृतीयांशावर थांबायचं. खांद्याचं हाड वाटेत आलंच तर गोळी त्यातून जाणारी हवी. पुन्हा पडद्याच्या गोळीकडेच यावं लागतं.

भाच्यानं ७ × ५७ घेतली, १४० ग्रेनची, पडद्याची. आधी दोन शनिवार शेतावर कागदावर चाळीस काडतुसं झाडली; शेवटच्या दहा तळहाताएवढ्या जागेत बसल्या. शिकारीच्या दिवशी एकशेवीस मीटरवर नर आडवा उभा राहिला. काठ्यांच्या तिवईवर रायफल टेकवून भाचा वीस मिनिटं तसाच थांबला, कारण नराच्या बरोब्बर मागे एक मादी चरत होती. आरपार जाईल अशी गोळी आपण दोघांनीच निवडली होती, असं तो रात्री फोनवर म्हणाला. मादी हलली तेव्हा नरही वळला आणि पाठमोरा झाला. पाठमोऱ्यावर त्यानं घोडा दाबला नाही. शेतमालक त्याला पुन्हा मे महिन्यात बोलावतोय.